पौषातला टेंपरेचर अलार्म

असले गूढ अनुभव वाचायला मला आवडतात, पण विश्वास म्हणाल तर कधीच नव्हता. सगळी नोकरी टेलिफोनच्या मशिनींसोबत गेली. बिघाड आहे म्हणजे त्याला कारण आहे, हे अंगात मुरलेलं. एका बिघाडाचं कारण मात्र मला आजवर सापडलं नाही... म्हणून लिहितोय.

मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला त्या जानेवारीतली गोष्ट. परभणी जिल्ह्यात, सेलू तालुक्यात, वालूरपासून थोडं आत एका गावात छोटं इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज होतं. एक खोली, कपाटाएवढं मशीन, खाली बॅटऱ्या. मशीन तापलं की लाल दिवा लागायचा, बझर वाजायचा आणि फारच तापलं तर एक्स्चेंज स्वतःहून बंद व्हायचं. उन्हाळ्यात हे नेहमीचंच. देखरेखीला माणिक होता, मेंढरं राखणाऱ्या घरातला. शेजारच्या खोलीत तो आणि त्याची बायको गया राहायचे. मी मुक्कामी गेलो की जेवण त्यांच्याकडेच.

त्या दिवसांत वातावरण तंग होतं, गाड्या बंद. आदल्या दिवशी आलेला मी तिथंच अडकलो होतो. गया दोन दिवस तापानं फणफणत होती. सकाळी माणिक माझ्याकडे आला.

"साहेब, हिला हाका मारायलोय, पण डोळे उघडंना. सेलूला फोन करून दवाखान्याची जीप मागवा."

मी रिसीव्हर उचलला — आणि बझर सुरू झाला. लाल दिवा, टेंपरेचरचा. एक्स्चेंज बंद.

पौषातली थंडी. मी अंगात स्वेटर घालून उभा. भिंतीवरच्या तापमापकात पारा खाली बसलेला. मशीनला हात लावला तर लोखंड गारेगार. वाटलं, खोटा अलार्म, दोन मिनिटांचं काम. रीसेट केलं. दिवा परत लागला. पॉवरचं कार्ड बदलून दुसरं लावलं. तेच. शेवटी तापमान मोजणाऱ्या सेन्सरची वायरच काढून टाकली. आता मशीनला गरम-गार कळायला काही मार्गच नव्हता... तरी दिवा लाल आणि बझर चालूच.

एक माणूस सायकलवर वालूरला धाडला होता, तो परत आला. डॉक्टर बाहेरगावी. बैलगाडी जुंपली, पण गयाला उचललं की झटके यायला लागले, म्हणून बायांनी तिला परत निजवलं. मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या चालल्या होत्या. गावात दुसरा फोन असून नसल्यासारखा, सगळे याच मशीनवर.

माणिक दर थोड्या वेळानं दारात यायचा.

"लागला का साहेब?"

"नाही रे. मशीन तापलंय म्हणतंय."

तो आत आला, मशीनवर तळहात ठेवला. "हे तर गार हाय. तिचं आंग निस्तं पोळायलंय."

मी मान खाली घालून स्क्रू फिरवत राहिलो.

दुपारी साडेतीनच्या सुमाराला माझे उपाय संपले. पाना खाली ठेवून मी नुसता बसलो होतो. तेवढ्यात बझर थांबला, आपोआप. लाल दिवा गेला. रिसीव्हर उचलला तर डायल टोन. पहिल्या फटक्यात सेलू लागलं. जीप लगेच निघते म्हणाले. मी पळत बाहेर आलो. माणिक त्याच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसला होता.

"जीप निघाली, माणिक."

"राहू द्या साहेब," तो हळूच म्हणाला. "गेली ती. आत्ताच."

पुढं ती कार्डं परभणीला नेऊन तपासली. कशातच दोष नाही. आमचे इंजिनिअर म्हणाले, दमट हवेमुळे झालं असेल. वायर काढल्यावरही दिवा कसा लागला, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. तेच मशीन पुढं कितीतरी वर्षं चाललं, हिवाळ्यात तो दिवा पुन्हा कधी लागला नाही.

योगायोग म्हणा, मी वाद घालणार नाही. मला छळतं ते वेगळंच. बझर थांबला तेव्हा मी मोठ्यानं "सुटलो एकदाचा" म्हणालो होतो. मधली भिंत पातळ होती, पलीकडे ते नक्की ऐकू गेलं असणार. माणिकनं त्याबद्दल मला कधीच विचारलं नाही.