विमानात एकदाच विचारतात

आमचे हे विमानात उपाशी राहिले ते केवळ त्यांना चांगलं वळण असल्यामुळं. जरा आगाऊ माणूस असता तर पोटभर जेवला असता.

दिल्लीत लेकीकडं आठवडाभर राहून आम्ही दोघं लातूरला परत निघालो होतो. लेकीनं तिच्या ऑफिसच्या प्रवासांतून साठलेले कसले तरी पॉइंट वापरून आमची हैदराबादपर्यंतची तिकिटं बिझनेस क्लासची केली होती. हैदराबादहून पुढं गाडी करून बिदर, उदगीर, मग घर. माझं माहेर मुदखेडचं. जंक्शनच्या गावात वाढलेल्या बाईला प्रवासाचं अप्रूप नसतं, पण मांडी घालून बसता येईल एवढी रुंद खुर्ची मी कुठल्याही गाडीत पाहिली नव्हती. मी लगेच मांडी घातली. ह्यांनी डोळे वटारले.

"पाय खाली घे. लोक बघून राहिलेत."

"बघू दे की. त्यांना घालता येत नसंल."

दिल्लीचा आठवडा तसा मजेत गेला. लाल किल्ला पाहिला, मेट्रोत उगीचच दोन्ही टोकांपर्यंत जाऊन आलो, चांदणी चौकात जिलेबी खाल्ली आणि आपल्याकडची बरी यावर नवरा-बायकोचं क्वचित होतं तसं एकमत झालं. सगळं सुरळीत चाललं होतं. निघायच्या दिवशी सकाळी नाश्त्याला पोरगी म्हणाली, "पप्पा, तुम्ही दोघं इकडंच राहायला या ना आता. तिसरी खोली तुमच्यासाठीच ठेवलीय."

हे म्हणाले, "छे, नको गं. आमचं तिकडं बरंय."

"बरं, तुमची मर्जी," असं म्हणून पोरगी प्लेटा उचलून आत गेली.

संपलं. माझा जीव भांड्यात पडला आणि ह्यांचा चेहरा पडला.

आता खरं काय ते सांगून टाकते. ह्यांना जायचं होतं. मला नव्हतं जायचं. लातुरात माझी खानावळ आहे. डॉक्टर व्हायचं म्हणून गावोगावाहून क्लासला आलेल्या पोरी दोन्ही वेळा माझ्याकडं जेवतात. कुणी परीक्षेत मार्क कमी पडले म्हणून रडत येते, कुणी नुसतीच वरणात बोट फिरवत बसते, तिला दटावून भाकरी खाऊ घालावी लागते. माझ्या ओट्यापाशी माझाच हुकूम चालतो. दिल्लीत मी "आई तू बस, मी करते" होते. आठवडाभर हे ऐकायला गोड लागलं. पुढच्या आठवड्यात मी कुणाचं तरी डोकं फोडलं असतं.

ह्यांची गोष्ट उलटी. जिल्हा परिषदेत नोकरी झाली, निवृत्त झाले, आणि माझ्या खानावळीत येऊन पडले. पोरी त्यांना काका म्हणतात आणि पाण्याचा जार संपला की हाक मारतात. एवढंच त्यांचं खातं. दिल्लीत मात्र लेक कामावरून आली की दोघं खाली बागेत फिरायला जायचे. ह्यांचं गाव किल्लारीच्या बाजूचं. भूकंपानंतर नव्या जागी गाव कसं बसलं, कुणाला कुठलं घर मिळालं, कोण कुणाच्या शेजारी राहायला तयार नव्हतं, हे ते तिला रंगवून सांगायचे. मी ती कहाणी इतक्यांदा ऐकलीय की मधे डुलकी लागली तरी शेवटाला बरोबर जागी होते. पोरगी मात्र उलट प्रश्न विचारायची. त्या आठवड्यात हे रोज दाढी करून राहिले होते. लातुरात आठवड्यातून दोनदा केली तरी खूप.

मग एवढं जायचं होतं तर नको का म्हणाले, असं कुणी बाहेरचा विचारील. आमच्याकडचा नाही विचारणार. आमच्याकडं पहिल्या झटक्याला हो म्हणणारा माणूस म्हणजे हावरट. समोरच्यानं विचारायचं, आपण नको म्हणायचं. त्यानं परत विचारायचं, आपण "अहो कशाला, आत्ताच झालंय" म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की मग "बरं, तुमचा आग्रहच आहे तर" म्हणून पोटभर जेवायचं. लग्नाच्या पंगतीत बुंदी घेऊन वाढपी आला की पाहुणा पत्रावळीवर दोन्ही हात आडवे धरतो, ती अंगाखाली झाकायचीच काय ती बाकी ठेवतो. पण बोटांत फट ठेवतो. वाढपी त्या फटीतून बुंदी सोडतो. हे मला बघायला मुदखेडला आले होते तेव्हा माझ्या आईनं चहाचं विचारलं. नको म्हणाले. परत विचारलं, नको म्हणाले. तिसऱ्यांदा विचारल्यावर दोन कप प्याले. आईनं आत येऊन सांगितलं, पोरगा वळणाचा आहे. त्या दोन कपांवर माझं लग्न ठरलं म्हटलं तरी चालेल.

असं वळण घेऊन हे विमानात बसले. आधी विमानतळावर आम्हाला एका खास खोलीत बसवलं, तिथं टेबलं भरून खाणं मांडलेलं होतं. पण ते आपल्या हातानं वाढून घ्यायचं होतं. घ्या म्हणणारं कुणी नव्हतं. घरधन्यानं बोलवल्याशिवाय ताटाला हात लावणं ह्यांच्या जिवावर आलं. "विमानात जेवण आहे ना, मग?" असं म्हणून ते पेपर वाचत बसले. मी दोन इडल्या, एक वडा आणि मला नाव न कळलेला एक गोड पदार्थ खाऊन घेतला.

विमान वर गेलं. एक पोरगी चिमट्यानं गरम रुमाल देऊन गेली. ह्यांनी तोंड पुसलं, मान पुसली, कानामागं पुसलं आणि रुमालाची नीट घडी करून तो परत करायला हातात धरून बसले. थोड्या वेळानं तीच पोरगी आली. चांगली हसतमुख होती, आमच्या जेवणाऱ्या पोरींपेक्षा चार-दोन वर्षांनी मोठी असेल. वाकून म्हणाली, "सर, लंच में क्या लेंगे आप?"

हे हसले. छातीवर हात ठेवला. "नक्को नक्को. रहने दो, बेटा."

"श्योर, सर," म्हणाली आणि माझ्याकडं वळली.

मी खानावळवाली. दिवसातून दोनदा लोकांना आग्रह करकरून स्वतःला आग्रह करून घ्यायचा माझा कोटा संपलेला आहे. मी म्हटलं, "मुझे दे दो. क्या क्या है?"

ताट आलं. पांढरं कापड, काचेचा पेला, पनीर, भात, डाळ, एक बोटभर लांबीची मिठाई. ह्यांनी खिडकीकडं तोंड केलं. खिडकीतून नुसते ढग दिसत होते. तरी ते लई मन लावून बघत होते.

पुढचा पडदा हलला की ह्यांची मान हळूच वळायची. पोरगी बाहेर यायची, कुणाला पाणी द्यायची, कुणाचं ताट उचलायची. आमच्यापाशी आली की हे सावरून बसायचे. आता विचारील. ती हसायची आणि पुढं जायची. बिचारीचं काय चुकलं? तिला कुणीतरी शिकवलं असणार की गिऱ्हाईक नको म्हणालं की त्याला त्रास द्यायचा नाही. तिच्या हिशोबानं ती ह्यांचा मान ठेवून राहिली होती. ह्यांच्या हिशोबानं घरच्या लोकांनी पाहुण्याला उपाशी बसवलं होतं.

मला आधी लई हसू आलं. घास तोंडात धरून हसले, ठसका लागला. मग त्यांनी पडद्याकडं परत एकदा बघितलं, आणि माझं हसू बंद झालं.

तसंच ते सकाळी बघत होते. नाश्ता झाल्यावर बॅग भरताना. मी बॅगेत साड्या ठेवत होते आणि हे एकच स्वेटर उलटासुलटा घडी करत खोलीच्या दाराकडं बघत होते. मला तेव्हा वाटलं, टॅक्सीची वाट बघतायत. लेक आत येऊन टॅक्सी आली म्हणाली, तेव्हा त्यांनी स्वेटर बॅगेत कोंबला.

मी ताट मधे सरकवलं. "खा."

"नको. भूक न्हाई."

"खा म्हणते ना."

"तू खा गं. मला काही नको."

"अहो, घ्या हो. माझ्यानं संपत नाही."

"बरं, टाकायचं कशाला," म्हणाले आणि पनीर, भात, डाळ सगळं खाल्लं. मिठाई अर्धी मला ठेवली. खाऊन झाल्यावर म्हणाले, "ह्यांना दोनदा विचारायचं शिकवत नसतील." मग बऱ्याच वेळानं स्वतःशीच म्हणाले, "आपल्या पोरीला तरी आपण कुठं शिकवलं."

पोरगी बारावीनंतर बाहेर पडली ती हॉस्टेल, मग कंपनी. तिच्या जगात नको म्हणजे नको. मला हे माहीत होतं. सकाळीच स्वयंपाकघरात जाऊन तिच्या कानात एक वाक्य सांगायचं होतं, की तुझ्या बापाला अजून दोनदा विचार. मी जाणूनबुजून गेले नाही. मला माझी खानावळ हवी होती आणि त्यासाठी गप्प बसणं पुरेसं होतं. हैदराबाद येईपर्यंत मी ते गप्प बसणं चघळत राहिले. अजूनही गप्प बसता येत होतं. हे लातुरात जाऊन पाण्याचे जार बदलतील, आठवड्यातून दोनदा दाढी करतील, कधीही तक्रार करणार नाहीत. त्यांचं वळण मला पुरेपूर माहीत होतं.

हैदराबादला उतरलो, गाडी मिळाली. बिदरच्या पुढं चहाला थांबलो. हे हातपाय धुवायला गेले, तेवढ्यात मी बाजूला जाऊन लेकीला फोन लावला.

"तुझ्या पप्पांना परत विचार," म्हटलं.

"कशाबद्दल?"

"राहायला येण्याबद्दल."

"आई, ते नको म्हणाले ना? मी कशाला जबरदस्ती करू? मला वाटलं, त्यांना आमच्याकडं करमलं नाही." तिचा आवाज जरा बसला होता. म्हणजे तिलाही ते लागलं होतं.

"ते नको नव्हतं गं. ती नुसती सुरुवात होती. तीनदा विचारायचं असतं."

"आणि कुणी खरंच नको म्हणत असेल तर? कळतं कसं?"

"तिसऱ्यांदा कळतं."

हे आले. मी फोन त्यांच्या हातात दिला आणि स्पीकरवर टाकला. आमच्या लेकीनं शाळेतला धडा म्हणावा तसं विचारलं, "पप्पा, इकडं राहायला या ना."

"नको गं. कशाला तुला त्रास."

"पप्पा, या ना."

"अगं, आमचं आहे की तिकडं. तुझ्या आईची खानावळ."

मी माझ्या चहाकडं बघत होते. तिसरा प्रश्न यायला उशीर लागला. तेवढ्या वेळात मला वाटून गेलं की पोरगी विसरली तर बरं. मग आवाज आला, "पप्पा, मला तुम्ही इथं हवे आहात."

ह्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला. "बरं," म्हणाले. "एवढं म्हणतीस तर येतो."

पोरगी हसली, रडली, दोन्ही केलं. मग म्हणाली, "आणि आई, तू? ये ना."

"मी नको गं," म्हटलं.

आता ती शहाणी झाली होती. लगेच म्हणाली, "आई, ये ना गं."

"नको."

"आई, खरंच ये."

"न्हाई, बाई," मी म्हटलं. "मला लातुरातच राहायचंय."

हे माझ्याकडं बघत राहिले. एवढ्या वर्षांत मला तीनदा विचारायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती, आणि मी तिसऱ्यांदा काय म्हणेन हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांना राग आला नाही. हळूच म्हणाले, "तू मग एकटी?"

"घर भरून पोरी असतात. एकटी कुठली? मी येत जाईन अधूनमधून. तुम्ही जा."

"बरं," म्हणाले. चहाचे पैसे देऊन आले आणि आम्ही गाडीत बसलो.

मी तीनदा नको म्हटलं आणि त्यांनी ते खरं धरलं. रीतच आहे. तरी कमालनगर गेलं, उदगीर आलं, मी वाट बघून राहिले की हे एकदा म्हणतील, तू नाहीस तर मी पण जात नाही. मी त्यांना पाठवणारच होते. गप्प बसा, गुमान जा, असं सांगणारच होते. फक्त त्यांनी म्हणायला पाहिजे होतं. उदगीर मागं पडलं. ह्यांनी खिडकीला डोकं टेकलं आणि झोपी गेले. चेहरा असा निवांत की मला हलवून उठवायचा धीर झाला नाही. लातूर आल्यावर त्यांनी बॅगा उतरवल्या, कुलूप उघडलं, दिवे लावले. क्लासची सुट्टी संपून दुसऱ्या दिवशी सकाळपासून पोरी जेवायला येणार होत्या, म्हणून मी साडी न बदलताच मटकी भिजत घातली. ती घालताना मला ह्यांचा लई राग आला, आणि सगळं माझ्याच मनासारखं झालेलं असल्यामुळं तो कुणाला सांगायची सोय नव्हती.