भावेश मेहेरचा साठा

आमच्या बोईसरच्या ऑफिसात भावेश मेहेर कुठलंच काम दोनदा करत नाही. एकदाही नीट करत नाही, हे मी शेजारच्या टेबलावरून सांगते आहे. वाढदिवसाला सगळ्यांना तोच केकचा फोटो, आणि उशीर झाला की तीच सफाळ्याची मावशी आजारी. मावशी मागच्या वर्षी वारली, तरी आजारी पडायची थांबलेली नाही.

त्याचं काम पॅकेजिंगचं. आम्ही वजनकाट्यांचे प्रोग्रॅम करतो. कम्पायलर एकेक फाइल यंत्राच्या भाषेत आणतो, भावेश त्यांचं पॅकेज बांधून गिऱ्हाइकाला पाठवतो. जी फाइल बदललीच नाही तिचं भाषांतर पुन्हा कशाला, म्हणून जुनी भाषांतरं कॅश नावाच्या साठ्यात ठेवतात. सोय चांगली आहे. फक्त साठ्यातलं काही देण्याआधी कम्पायलर तोच आहे ना, हे कॅश तपासून बघते.

यंदा कम्पायलर नवा आला आणि सगळ्या फाइली जुळवणारं बिल्ड टूलही. नव्या टूलचं आणि जुन्या कॅशचं पटेना, दर वेळी सगळं पहिल्यापासून सुरू. भावेशने वैतागून ती तपासणीच बंद केली आणि पॅकेज कसं झटक्यात झालं ते ऑफिसभर सांगत सुटला.

ते पॅकेज त्याच्याच गावच्या काट्याचं होतं. तारापूरजवळच्या त्या किनाऱ्यावर व्यापारी आपल्या काट्यावर मासळी तोलायचा आणि मासळी विकायला आणणाऱ्या बायकांना वजनात मारायचा. भावेशची आई लाडकीबाय घरोघर फिरली. आपला काटा घेऊ म्हणाली, माझा पोरगा करतो, जबाबदारी माझी. तिच्या शब्दावर काटा आला.

पहिल्याच सकाळी त्यावर सुरमईचं क्रेट ठेवलं, तर काट्याने मूठभर जवळ्याचं वजन दाखवलं. साठ्यातून आलेले जुन्या कम्पायलरचे तुकडे एका मापात बोलत होते, नव्याचे दुसऱ्या मापात ऐकत होते. चाचणी घेतली नव्हती का, असं मी विचारलं. मागच्या वेळचा पास निकाल होता ना साठ्यात, तोच जोडला, म्हणाला. तिकडे बर्फ वितळायला लागला होता. बायका मुकाट्याने व्यापाऱ्याच्या काट्यावर गेल्या आणि लाडकीबाय आपल्या काट्यापाशी एकटी उभी राहिली. मला तिचं फार वाईट वाटलं, भावेशचं अजिबात नाही.

साठा रिकामा करून मी संध्याकाळपर्यंत नवं पॅकेज बांधून दिलं. पण बायका अडून बसल्या. तुझ्या पोराने आधी आमची माफी मागावी, मग काट्याचं बघू, असं त्यांनी लाडकीबायला सांगितलं. भावेशने बायकांच्या व्हॉट्सॲप गटावर लगेच माफी टाकली. इतक्या लगेच टाकली, तिथेच मला संशय यायला हवा होता.

सगळ्या जमल्यावर लाडकीबायच्या शेजारच्या दीपालीने ती मोठ्याने वाचली. "आदरणीय मॅनेजरसाहेब, आपल्या रंगाच्या कारखान्यातील काट्यामुळे झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

बायका टोपल्या उचलून निघून गेल्या. लाडकीबायने ऑफिसात पोराला फोन लावला. तो गडबडला आणि सवयीने सांगू लागला, घाईत झालं, ती सफाळ्याची मावशी आजारी होती ना.

मावशी लाडकीबायची सख्खी बहीण. फोन स्पीकरवर होता, मलाही ऐकू आलं.

"तिला जाऊन वरीस झाला," ती म्हणाली. "माफी तरी ताजी आनायची व्हती, पोरा."