वहीच्या समासातला मजकूर

निवृत्त होऊन मला आता काही वर्षं झाली. खून, दरोडे, दंगली यांचे तपशील डोक्यात एकमेकांत मिसळायला लागलेत. कुठल्या खुनातला कोयता विहिरीत सापडला आणि कुठल्या खुनातला उसात, हे मला आज कुणी विचारलं तर मी चुकेन. एका कॉम्प्युटरचं प्रकरण मात्र पानापानासकट आठवतं. खात्यातल्या कुणी त्याला मोठा गुन्हा म्हटलं नसतं. मीही सुरुवातीला म्हटलं नव्हतं.

तेव्हा मी नाशिक शहरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी संपली होती, ठाणे अंमलदार स्टेशन डायरी लिहीत होता. साठीच्या पुढचे एक गृहस्थ कापडी पिशवी घेऊन आत आले. सातपूरच्या एका कारखान्यात त्यांची सगळी हयात फिटर म्हणून गेली होती. पिशवीतून त्यांनी एक वही, एक जळका लोखंडी डबा आणि दुकानाची एक चिठ्ठी काढून माझ्या टेबलावर ओळीने मांडली, हत्यारं मांडतात तशी.

"साहेब, भरपाई नको मला. या चिठ्ठीवरचं वाक्य तेवढं खोडायचंय."

चिठ्ठीवर दुकानदाराने लिहिलं होतं: 'ग्राहकाने आणलेली यादी चुकीची. भाग एकमेकांशी जुळत नाहीत. वॉरंटी नाही.'

ती यादी त्यांच्या मुलीने केली होती. एकुलती एक. कॉम्प्युटरचा डिप्लोमा करत होती. तयार कॉम्प्युटर न घेता एकेक भाग निवडून स्वतः जोडायचा, हा तिचा हट्ट. वर्षभर वाचून, विचारून तिने वही भरली. कुठला प्रोसेसर, तो कुठल्या बोर्डावर बसतो, बोर्डाला कुठली मेमरी चालते, सगळ्यांना मिळून वीज किती लागते आणि वर किती शिल्लक ठेवायची. वडील म्हणत राहिले, दिवाळीनंतर बघू. दिवाळीच्या आधीच ती डेंग्यूने गेली, चार दिवसांत.

वर्षभराने ते तीच वही घेऊन दुकानात गेले. यादीप्रमाणे सगळं आणलं आणि तिच्या टेबलावर बसून स्वतः जोडलं. पहिल्याच झटक्यात सुरू झालं. नऊ दिवस चाललं. दहाव्या दिवशी मागून धूर आला आणि सगळंच जळालं.

"फक्त चालू झालेलं बघायचं होतं हो," ते म्हणाले. "ते बघितलं. पण पोर चुकली असं तो लिहून देतो, ते नाही सहन होत."

मी काय केलं? मला लाज वाटते, तरी सांगतो. चहा मागवला आणि म्हणालो, "काका, हे ग्राहक मंचाचं काम आहे. पोलिसांचं नाही." ते चहा न पिताच उठले, पिशवी भरली, नमस्कार केला आणि गेले. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं.

पंधरा दिवसांनी माझ्या एका हवालदाराला लासलगावहून ओळखीच्या माणसाचा फोन आला. हा माणूस बाजार समितीजवळच्या वजनकाट्यावर काम करायचा. कांद्याचे ट्रॅक्टर तोलायचे आणि आकडा कॉम्प्युटरवर चढवायचा, हे त्याचं काम. त्याचा कॉम्प्युटर महिन्यात दोनदा जळला होता आणि भाग नाशिकच्या त्याच दुकानातून आले होते. मी त्याला बोलावून घेतलं. तो दोन जळके पॉवर सप्लाय गोणपाटात गुंडाळून घेऊन आला. भिंतीतली वीज कॉम्प्युटरच्या भागांना मानवेल अशी करून वाटणारा डबा म्हणजे पॉवर सप्लाय. काकांच्या पिशवीत तसाच डबा होता.

"साहेब, आमचा दिवस वजनातच जातो," तो म्हणाला. "हा डबा हातात धरून बघा. जड हाय, पण सगळं वजन एका कोपऱ्यात हाय. आत कायतरी घातलंय."

काकांना निरोप धाडला. ते आपला डबा, वही आणि स्वतःचा स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले. दोन पंचांसमोर त्यांनीच तो उघडला. आत जुनाट, कमी ताकदीचं सामान आणि कोपऱ्यात डिंकाने चिकटवलेली लोखंडी पट्टी. डबा भरीव लागावा म्हणून. बाहेर मात्र नामांकित कंपनीचं स्टिकर. काकांनी ती पट्टी बोटाने चाचपली.

"दुकानात मी हातावर तोलून घेतला हा. जड लागला, म्हणून समाधान झालं. चाळीस वर्षं माल असाच पारखला साहेब. पोरीने लिहिलं होतं, सील बघा, नंबर बघा. मी वजन बघितलं."

गुन्हा नोंदवला आणि दुकानदाराला बोलावलं. माणूस गोडबोल्या. कपाळाला गंध, खिशाला दोन पेनं, एक निळं, एक हिरवं, दर वाक्याला 'सर'. त्याचं एकच पालुपद: यादी चुकीची होती, मुलीने इंटरनेटवर अर्धवट वाचून केली होती, वीज कमी पडली. असल्या माणसावर आवाज चढवून काही होत नाही, तो आणखी नम्र होतो. मी विषयच बदलला.

"माझ्या घरी एक कॉम्प्युटर जोडायचाय. प्रोसेसर हा घ्यायचा ठरलाय. बाकीचं तुम्ही सुचवा, लिहूनच द्या." प्रोसेसरचं नाव मी वहीतूनच पाठ केलं होतं.

तो खुलला. बोर्ड, मेमरी, ग्राफिक्स कार्ड, पॉवर सप्लाय, सगळं झरझर लिहून दिलं. मी वही उघडून त्याच्या कागदाशेजारी ठेवली. एका मेमरीच्या कंपनीचा फरक सोडला तर दोन्ही याद्या एकच होत्या. पॉवर सप्लाय तर वॉटसकट तोच.

"मग मुलगी चुकली कुठे?"

मी वहीवर बोट ठेवलं. प्रत्येक भागापुढे त्याच्याच हिरव्या पेनाची खूण होती. वाणी सामान काढून देताना यादीवर टिक करतो, तशी एकेका भागापुढे खूण करत त्याने माल दिला होता. "यादी चुकीची होती तर टिक कशी केली?" त्याने पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर गोदामाचा पत्ता सांगितला. झडतीत खोटी स्टिकरं, रिकामी खोकी आणि पट्ट्या घातलेले डबे हाती लागले.

त्या दिवशी मी खुशीत होतो आणि त्या खुशीतच माझ्या हातून ती गोष्ट घडली. त्या हिरव्या खुणांमुळे वही हा माझा भक्कम पुरावा झाला होता. मी ती मूळ वहीच जप्त केली. पानापानावर माझी सही, पंचांच्या सह्या, मग पाकीट, लाखेचं सील आणि मुद्देमाल खोली. काका घुटमळले.

"साहेब, मला कधी मिळेल?"

"दोन-तीन महिन्यांत," मी ठोकून दिलं. त्यांच्याकडे बटणांचा फोन होता. माझ्या खिशात चांगला कॅमेऱ्याचा फोन होता. एक फोटो काढावा हे मला सुचलं नाही.

खटला वर्षानुवर्षं चालला. काका दर महिन्याला ठाण्यात यायचे. सील फोडता येत नसे, म्हणून मुद्देमाल कारकून त्यांना नुसतं पाकीट दाखवायचा. ते बघायचे आणि जायचे. पुढे माझी बदली झाली, मग निवृत्ती. निकालात दुकानदाराला शिक्षा झाली आणि वही परत द्यायचा हुकूमही झाला. ते कळल्यावर मी सातपूरला त्यांच्या घरी गेलो.

वही टेबलावर होती. मुद्देमाल खोलीतल्या वाळवीने पाकिटाच्या कडेने आत शिरून सगळे समास खाल्ले होते. मधली यादी शाबूत, हिरव्या खुणा शाबूत. माझी सही तर ठळक.

"यादी बरोबर होती, असं कोर्टाने लिहिलंय," ते म्हणाले. निकालाची प्रत त्यांनी वहीखालीच ठेवली होती. "तुमचे उपकार आहेत. एकच विचारायचं होतं. समासात तिने पेन्सिलीने माझ्यासाठी दोन-दोन शब्द लिहिले होते, प्रत्येक भागापुढे. पॉवर सप्लायचं पाठ आहे मला. 'बाबा, इथे काटकसर नको. सील बघा, नंबर बघा.' बाकीचं आठवत नाही. तुमच्या कागदात असेल ना?"

आमच्या कागदात नव्हतं. सील करण्याआधी कोर्टाच्या कागदांसाठी काढलेल्या झेरॉक्समध्ये पेन्सिल उठली नव्हती. पंचनाम्यात मी भागांची नावं नंबरसकट उतरवली होती आणि पुढे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'समासात पेन्सिलीने इतर मजकूर.'

तीस-बत्तीस वर्षांच्या नोकरीत 'इतर मजकूर' हे शब्द मी किती वेळा लिहिले असतील, याचा हिशोब नाही. खटल्याला जे लागत नाही ते इतर. आता नव्या अधिकाऱ्यांसमोर बोलायला बोलावतात, तेव्हा मी तपासाच्या युक्त्या सांगत नाही. जप्तीआधी प्रत्येक पानाचा फोटो काढा आणि एक प्रत त्या माणसाच्या हातात ठेवा, एवढंच सांगतो. त्यांना वाटतं, म्हातारा साधंच काहीतरी सांगतोय.

त्या दिवशी काकांच्या घरी बसून मी डोक्याला खूप ताण दिला. "बोर्डापुढे तुमच्या कामातलं काहीतरी होतं काका," मी म्हणालो. "आट्यांचं. नटाच्या आट्यांचं. वाचून मला हसू आलं होतं."

ते पुढे सरकले. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही.

"आट्यांचं? काय लिहिलं होतं?"

"आठवत नाही," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, वही जवळ ओढली आणि खाल्लेल्या समासाच्या जागी टेबलावर पेन्सिलीने 'आटे' एवढा एकच शब्द लिहून ठेवला.