उलटा बसलेला बॉयलर

पोलिस ॲक्शननंतरच्या तिसऱ्या मार्चमधला दुसरा रविवार. ठरलेली रक्कम एकशेवीस रुपये, तेही कलदार, म्हणजे भारत सरकारचे. निजामाचा हाली सिक्का तेव्हा अजून चालत होता. हजर चौघे: मी, आमचे जुने हवालदार, पैठणचा एक विणकर आणि सिल्लोडकडचा एक मेंढपाळ. जपानशी झालेल्या लढाईत ब्रह्मदेशच्या जंगलात आम्ही एकाच जड तोफेवर होतो.

काम होतं स्टेशनावरून चाकांचा बॉयलर दोन मैलांवरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये नेण्याचं. हवालदार वर्षभर बेकार होते. जिनिंगचे शेठ त्यांना म्हणाले होते, "दिवस मावळायच्या आत जागेवर बसवा, मुकादमी तुमची."

शेठनी भाड्यानं आणलेल्या बैलांनी बॉयलर खाम नदीपर्यंत आणला आणि तो वाळूत रुतला. जंगलात तोफ रुतली की आम्ही बांबू तोडून चाकांपुढं आडवे घालायचो आणि दोर लावून ओढायचो. दिवसभरात दोनशे पावलं सरकली तरी पुष्कळ. शिवाय शंभर पौंडी गोळे हातांनी वाहायचे. इथं बांबू नव्हते, म्हणून बाभळीचे ओंडके घातले. हवालदारांनी आकडे मोजले, आम्ही ओढलं. पंचवीस मिनिटांत बॉयलर बाहेर.

गाडीवान म्हणाला, "मंग माझे बैल कशाला आणले?"

"तुला सोबत," मेंढपाळ म्हणाला.

पाच वाजता जिनिंगमध्ये पोचलो. तोफ ओढताना तिचं तोंड मागं असतं. ठिकाणावर नेली की ती फिरवायची. हवालदारांनी हात वर केला आणि आम्ही पहारींनी बॉयलर अर्धा फिरवला, चाकं सरकू नयेत म्हणून दगडांच्या उटी लावल्या आणि आपापल्या जागी ताठ उभे राहिलो. कोणाच्याच डोक्यात काही आलं नाही.

शेठ फेरी मारून आले. "लई झ्याक. पण भट्टीचं तोंड भिंतीकडं. कोळसा भिंतीतून घालायचा व्हय?"

मेंढपाळ म्हणाला, "शेठ, दुश्मन तिकडंच असतो."

हवालदारांचा चेहरा उतरला. जागा अरुंद, पुन्हा फिरवायला सव्वा तास लागला. शेठनी घड्याळ काढलं. "दिवस मावळून सहा मिनिटं झाली."

हवालदार पहारी गोळा करायला लागले.

"पण पहिल्यांदा बसला तेव्हा ऊन होतं," शेठ हसत म्हणाले. "उलटा का होईना, वेळेत बसला. उद्या सातला कामावर या, मुकादम. उलटेपणाचे दहा कापतो."

उरलेले एकशेदहा त्यांनी हवालदारांच्या हातात मोजून दिले. चौघांना प्रत्येकी सत्तावीस रुपये आठ आणे मिळाले.