जाळी खालपर्यंत आणा

सुट्टीत साताऱ्याला गेले की माहेरची मंडळी पहिल्याच चहाला विचारतात, "काय गं, लखनौचं काय नवीन?" त्यांना कबाब आणि नजाकत ऐकायची असते. माझ्याकडे असतात आमच्या समितीचे किस्से. सहा वर्षं झाली, दर दुसऱ्या गुरुवारी एक तरी पदरात पडतोच. फायली काय, आमचे लिपिक तिवारीजी त्या बासनात बांधून कपाटावर टाकतात. किस्से कुठे टाकणार? ते मीच घेऊन हिंडते.

आमची समिती म्हणजे शहरात जे काही नवीन दुकान, मॉल, गोदाम, कारखाना उभा राहणार, त्याचं रूप बघून हो-नाही सांगणारी. मी आर्किटेक्ट. नवरा रेल्वेत इंजिनिअर, त्यांच्या बदलीमागे लखनौला आले, अलीगंजात घर केलं आणि राहिलेच. समितीत मी बाहेरची सदस्य आहे. म्हणजे चहा मिळतो, बिस्किट मिळतं आणि मत द्यायला मिळतं.

आमच्या कामाची एक पद्धत आधी सांगून ठेवते, म्हणजे पुढचं कळेल. इमारतीचं रंगीत चित्र स्क्रीनवर लागतं. नकाशा, म्हणजे जिना कुठे, दार कुठे, माणूस आत गेला तर बाहेर कसा येणार, तो फायलीत असतो. फाइल उघडायची वेळ सहसा येत नाही.

*

पहिला बटाट्यांचा. एका कोल्ड स्टोरेजची फाइल आली होती. आर्किटेक्ट मेहरोत्राजी. शहरातल्या निम्म्या फायली त्यांच्याच असतात. माणूस हुशार, पण नाही म्हणायचं केव्हाच सोडून दिलेला.

चित्र लागलं. सपाट भिंतींचा मोठा ठोकळा. आमचे अध्यक्ष बराच वेळ बघत राहिले. त्यांचा आग्रह असतो की प्रत्येक इमारतीवर लखनौचा ठसा दिसला पाहिजे. म्हणाले, "झरोखा कहाँ है?"

"सर, कोल्ड स्टोरेज है. खिड़की देंगे तो ठंडक निकल जाएगी."

"तो खिड़की मत दीजिए. झरोखा दीजिए."

मेहरोत्राजींनी वहीत लिहून घेतलं. आज सीतापूर रोडकडे गेलात तर दिसेल, बटाट्यांच्या गोदामाला अकरा झरोखे आहेत. मागे भिंत. प्रत्येकात कबुतरं. मी आमच्या ह्यांना दाखवायला मुद्दाम तिकडून गाडी नेली, तर हे म्हणाले, "बटाट्यांना बाहेर बघावंसं वाटत असेल." घरात एक मी चिडायला असते, बाकीचे असेच.

*

दुसरा झाडांचा. चित्रात झाडं भरपूर असतात. मी एकदा विचारलं की ही झाडं कसली, तर मेहरोत्राजींचा मुलगा, जो लॅपटॉप चालवतो, तो म्हणाला, "मैम, ये ट्री नंबर चार है."

तेव्हा मी हट्टच धरला. म्हटलं, झाडं लागल्याशिवाय इमारतीला पूर्णत्वाचा दाखला द्यायचा नाही, आणि मी स्वतः जाऊन बघणार. गेले. इंदिरा नगरच्या एका शोरूमसमोर ओळीने कुंड्यांत झाडं, टवटवीत, पाणी घातलेलं. एका कुंडीची कड फुटलेली होती, तेवढंच. बरं वाटलं मला. जेवून दुपारी जानकीपुरमला दुसरी इमारत बघायला गेले. तिथेही झाडं. तिसऱ्या कुंडीची कड फुटलेली.

शेजारी माळी उभा होता. माझ्याकडे बघून त्याने ओळखीचं हसू दिलं आणि म्हणाला, "नमस्ते मैडम. सुबह भी तो आप ही थीं."

त्याच्यावर काय रागवणार? तो बिचारा सकाळपासून त्याच झाडांना दोनदा पाणी घालत होता.

*

तिसरा तिवारीजींचा. तिवारीजी समितीचे लिपिक. बैठकीत कोण काय बोललं ते कार्यवृत्तात लिहायचं काम त्यांचं. झाडांच्या त्या प्रकारानंतर मी बैठकीत इतकी बोलले की माझा घसा बसला. लाज वाटली पाहिजे, फसवणूक आहे, मी राजीनामा देईन, सगळं बोलले. पंधरा दिवसांनी कार्यवृत्त आलं. त्यात लिहिलं होतं, "माननीय सदस्या ने हरियाली के प्रयासों की सराहना करते हुए बहुमूल्य सुझाव दिए."

मी कागद घेऊन तिवारीजींच्या टेबलावर गेले. म्हटलं, मी चिडले होते, सराहना कुठे केली?

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. अगदी मायेने म्हणाले, "मैडम, नाराज़गी का कोई फॉर्मेट नहीं है."

सहा वर्षांत मी बोललेलं एकही वाक्य जसंच्या तसं त्या कागदावर उतरलेलं नव्हतं. म्हणजे मला तसं वाटत होतं.

*

आता जिन्याचा. हा सांगताना पूर्वी मी कॉलर ताठ करायची.

जानकीपुरमच्या पुढे एक चार मजली इमारत होणार होती. खाली कपड्यांचं शोरूम, वरच्या मजल्यांवर चिकनच्या भरतकामाच्या कुर्त्यांची धुलाई, इस्त्री, पॅकिंग. वर काम करणाऱ्या सगळ्या बायका. चित्र लागलं, पुढे काच, सुंदर. त्या दिवशी मात्र मी हट्टाने फाइल उघडली. नकाशात जिना एकच होता, शोरूमच्या बाजूने. म्हटलं, खाली काही पेटलं तर वरच्या बायकांनी काय करायचं? मागे दुसरा जिना दिल्याशिवाय मी सही करणार नाही.

अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. मेहरोत्राजी मालकाशी फोनवर बोलून आले. चार बैठका भांडले मी. चौथ्या बैठकीत मागचा जिना आला. मोकळा, हवेशीर, खाली दार, दाराबाहेर थेट रस्ता. त्या दिवशी घरी येऊन मी श्रीखंड केलं. मुलगी म्हणाली, "आई, आज क्या है?" मी म्हटलं, आज तुझ्या आईने एक जिना बांधला. ती म्हणाली, "बस, सीढ़ी?" तिला काय कळणार.

त्याच बैठकीत, सह्या झाल्यावर, मागच्या बाजूचं चित्र स्क्रीनवर लागलं. जिन्याला वरून सिमेंटची जाळी होती, नक्षीची, छान. पण खाली येता येता ती मध्येच संपत होती आणि चित्र अर्धवट दिसत होतं. मी जिंकलेली होते, खुशीत होते. चहाचा कप हातात धरून एक वाक्य बोलले आणि विसरून गेले.

*

आमच्याकडे नऊ वर्षं संगीता पोळ्या करायला यायची. उन्नावकडची. माझ्याकडे राहून "पोळी" म्हणायला शिकली आणि तिच्या घरच्यांना "रोटी" ऐवजी तेच म्हणून चिडवायची. एक दिवस म्हणाली, "दीदी, अगले महीने से नहीं आऊँगी. फैक्टरी में लग गई हूँ. इस्त्री का काम है."

कुठली फॅक्टरी, म्हटलं. तिने वर्णन केलं. पुढे काच, वर कुर्ते, मागे जाळी.

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. तिला बसवलं, चहा दिला आणि सगळी लढाई सांगितली. म्हटलं, संगीता, तो मागचा जिना माझा आहे. तुमच्यासाठी भांडून घेतलाय. कधी काही झालं, धूर दिसला, तर पुढे अजिबात पळायचं नाही. सगळ्यांना घेऊन सरळ मागच्या जिन्याने उतरायचं. तिने मान डोलावली. म्हणाली, "अच्छा, वो आपकी सीढ़ी है? हम लोग वहीं ऊपर बैठकर टिफिन खाते हैं. हवा बहुत आती है."

मी स्वतः एकदाही जाऊन तो जिना बघितला नाही. कुंड्या बघायला गेले होते. जिना बघायला गेले नाही.

*

मार्चमध्ये दुपारी शोरूमच्या मीटरपाशी ठिणगी पडली आणि पडद्यांनी पेट घेतला. आग मोठी नव्हती, पण धूर पुढच्या जिन्याने वर चढला. त्या वेळी वर अकराच बायका होत्या, दुसऱ्या मजल्यावर. दोघीतिघी पुढच्या जिन्याकडे निघाल्या, तर संगीताने त्यांना दंडाला धरून ओढून आणलं. ओरडून सांगितलं की माझ्या दीदीने सांगितलंय, मागून चला.

अकराजणी मागच्या जिन्याने खाली उतरल्या. शेवटच्या पायरीसमोर जाळी होती. वर गच्चीपासून खाली जमिनीपर्यंत, एकसलग. दार नव्हतंच. टिफिनला त्या वरच्याच पायऱ्यांवर बसायच्या, खालपर्यंत कधी कुणी उतरलंच नव्हतं.

पलीकडे रस्ता दिसत होता. चहाची टपरी दिसत होती. धूर पाठीमागून खाली यायला लागला होता. जिन्याच्या वळणावर एक लोखंडी स्टूल पडलेलं होतं, ते संगीताने उचललं आणि जाळीवर घालायला सुरुवात केली. एकीचा हात थकला की दुसरी घ्यायची. बाहेरून टपरीवाल्याने ट्रकची टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, आणली. वाकून एक बाई निघेल एवढं भोक पडलं, आणि त्यातून अकराही बाहेर आल्या. संगीता शेवटची आली. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं जाळीच्या सळीत चिरडली होती.

मी हॉस्पिटलात गेले तर मला बघून उठून बसायला लागली. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "दीदी, सीढ़ी ठीक थी आपकी. आपने ठीक बताया था."

मला तिच्याकडे बघवेना. पिशवीतली संत्री टेबलावर ठेवत राहिले, एकेक करून.

*

दुसऱ्या गुरुवारी मी समितीत अशी गेले की शिपायाने चहा आणायची हिंमत केली नाही. म्हटलं, नकाशात दार होतं, चौथ्या बैठकीत मी डोळ्यांनी बघितलं होतं, ते कुणी काढलं? त्याचं नाव पाहिजे मला.

मेहरोत्राजी वहीची पानं चाळायला लागले. अध्यक्ष म्हणाले, "तिवारीजी, निकालिए."

तिवारीजींनी बासन सोडलं, कागद काढला आणि वाचला. "माननीय सदस्या श्रीमती वैद्य ने कहा, जाली बीच में टूटी हुई अच्छी नहीं लगती, नीचे तक लाइए, कहीं से खंडित न हो."

एक शब्दही इकडचा तिकडे केला नव्हता. तेच मी बोलले होते, चहाचा कप हातात धरून, चित्राकडे बघत. जाळी जिथे संपत होती तिथे दार होतं. आणि मेहरोत्राजी, ज्यांनी नाही म्हणायचं केव्हाच सोडलं होतं, त्यांनी वहीत लिहून घेतलं होतं.

"अक्षरशः पालन हुआ है, मैडम," अध्यक्ष समजुतीने म्हणाले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, आता तरी तिथे दार बसवा. त्यावर ते म्हणाले की मंजूर बाह्यरूपात बदल करायचा तर मालकाने अर्ज करावा लागतो, समिती आपणहून काही करू शकत नाही. मालकाने अर्ज द्यावा, आपण विचार करू.

आमचे हे घरी म्हणाले, "सोड ती समिती." त्या रात्री पहिल्यांदा मुलीने माझ्याशी मराठीत बोलायचा प्रयत्न केला, "आई, तू जेव." मी जेवले नाही.

समिती सोडली नाही मी. मालकाचा अर्ज येईल तेव्हा ते दार बघायला मी असायलाच हवी, असं म्हणून थांबले.

*

अर्ज गेल्या गुरुवारी आला.

चित्र स्क्रीनवर लागलं. मागची बाजू, जाळी, आणि खाली ते भोक लाल रेघेने दाखवलेलं. विषय होता, क्षतिग्रस्त जाळीची पूर्ववत दुरुस्ती. मी आधी मेहरोत्राजींच्या हातातली फाइल ओढून घेतली आणि नकाशा उघडला. दार नव्हतं. भोक बुजवून नक्षी होती तशी करून द्यायची होती.

"क्षति का कारण?" अध्यक्षांनी विचारलं.

मेहरोत्राजींनी वाचलं, "अज्ञात व्यक्तियों द्वारा तोड़-फोड़."

मी म्हटलं, "अज्ञात कैसे? अकरा होत्या. मैं जानती हूँ उनको. एक तो नौ साल मेरे घर पोळी बनाती थी."

अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि अगदी अदबीने माझ्याकडे वळले.

"अच्छा? तो मैडम, नाम बता दीजिए. लिख लेते हैं."

तिवारीजींनी पेनाचं टोपण काढलं.