सोंड गुंडाळते तेव्हा

उडतं फुलपाखरू टिपायचं तर त्याच्या मागे धावायचं नाही. मला हे कुणी शिकवलं नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, त्यामुळे हवं ते स्वतः वाचून, स्वतः चुकून शिकायची सवय. एक फूल निवडायचं. त्याच्या वीतभर वर हातानेच फोकस बांधून ठेवायचा, शटरचा वेग भरपूर वाढवायचा आणि वाट बघायची. रस पिऊन झाला की फुलपाखरू सोंड गुंडाळतं. बटण तेव्हाच दाबायचं. पंख हलल्यावर दाबलं तर फोटोत नुसतं फूल येतं.

बँकेतल्या माझ्या बदलीमुळे आम्ही कोलकात्याला आलो. बालीगंजच्या आमच्या घरापासून जवळच तळं आहे. तिथल्या घाणेरीच्या झुडपापाशी माझे रविवार जायचे. मिस्टर सोबत असायचे, थर्मास सांभाळायला. तळ्याला फेऱ्या मारणारे एक म्हातारे बंगाली गृहस्थ थांबून विचारायचे, आरोपी आज तरी सापडला, की परत जामिनावर सुटला?

मग मला कर्करोग निघाला. औषधांनी गाठ आटोक्यात आली, पण बोटांची टोकं मेली. पेन हातात आहे की नाही, हे मला अजून बघून ठरवावं लागतं. संवेदना परत येईलही, सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. फुलपाखरांच्या फोटोंचं मी त्यांना विचारलं नाही. बाहेर बाकावर बसलेले बाकीचे रुग्ण बघता ते तोंडातून निघेना.

उपचार थांबल्यावर पुन्हा झुडपापाशी गेले. मला एकच फोटो हवा होता, आजारानंतरचा, माझ्या हाताने काढलेला. ब्लाउजची बटणंसुद्धा तेव्हा मिस्टर लावून देत होते. निदान एवढं तरी माझं मला जमायला हवं होतं.

जमेना. सोंड गुंडाळलेली स्पष्ट दिसायची. मी बोट दाबायचे, पण ते बटणावर आहे की शेजारी हे कळेपर्यंत फूल रिकामं. कॅमेऱ्याला हात न लावता बटण दाबता येतं ती केबल लावून पाहिली, तरी तेच. म्हातारे गृहस्थ हल्ली काही विचारत नसत, नुसती मान हलवून पुढे जात. ते मला जास्त लागायचं.

मिस्टर म्हणाले, "तू सांग, मी दाबतो."

"मग तो तुमचा फोटो."

"मला काय कळतंय त्यातलं? मी नुसतं बोट."

"बोटच तर नाहीये माझ्याकडे."

त्यावर त्यांनी चहा ओतला.

आणखी काही रविवार असेच गेले. शेवटी एकदा ऊन चढलं आणि मी केबल त्यांच्या हातात दिली. एक काळं-पांढरं फुलपाखरू येऊन बसलं. "आता," मी म्हणाले. त्यांना काहीच दिसलं नव्हतं, तरी त्यांनी दाबलं.

फोटोत फुलपाखरू हवेत होतं. पाय फुलापासून नुकतेच सुटलेले, चारही पंख उघडे, नस न् नस स्वच्छ. धड हातांनीही मला असा फोटो कधी मिळाला नव्हता.

"तुझाच आहे," ते म्हणाले.

"लाड नकोत," मी म्हणाले. फोटो ठेवला, पण त्यांच्या नावाने.

मग त्यांना माझ्या जागी बसवलं. सोंड कुठे असते, सुटताना कशी आत वळते, सगळं सांगितलं. चष्मा कपाळावर चढवून ते फुलावर वाकले.

"दिसली?"

"नाही बुवा."

"नीट बघा. दर वेळी मी सांगायला असेनच असं नाही."

ते मान वर न करता फुलाकडे बघत राहिले.