सुनंदाची गाडी गिअर घेत नाही

या सदरातले वाचकांचे गूढ अनुभव मी आजवर वाचले ते त्यांतल्या चुका शोधण्यासाठी, हे आधीच सांगून टाकतो. मी शाळेत विज्ञान शिकवत असे. वर्गात कुणी भुताखेताची गोष्ट काढली, की मी फळ्यावर दोन रकाने आखायचो, 'काय दिसले' आणि 'काय वाटले'. बहुतेक गोष्टी दुसऱ्या रकान्यात जाऊन बसायच्या. त्यामुळे हे लिहिताना मला संकोच होतो आहे. शक्यतो पहिल्या रकान्यात राहण्याचा प्रयत्न करतो.

आम्ही डोंबिवली पूर्वेला राहतो. 'आम्ही' हे सवयीने लिहिले गेले. माझी पत्नी सुनंदा दीड वर्षापूर्वी गेली, तेव्हापासून घरात मी एकटाच. मुलगी मुग्धा लग्न होऊन ठाण्याला घोडबंदर रोडला असते.

गाडी सुनंदाची. ती बँकेत होती. डावा गुडघा कायमचा दुखावल्यामुळे तिला क्लच दाबता येत नसे, म्हणून हौसेने ऑटोमॅटिक गाडी घेतली. तेव्हा आमच्या सोसायटीत तशी दुसरी नव्हती. चालवायची ती, मी शेजारी बसायचो. निघण्यापूर्वी तिचा एक नेम होता. इंजिन सुरू करायचे, पाय ब्रेकवर, हात गिअरच्या दांडीवर, आणि मग उलटतपासणी.

"अहो, चष्मा? मोबाइल? गोळ्या? गॅस बंद केलात?"

मुग्धा बरोबर असली की त्यात "पंप घेतलास का गं?" याची भर पडे. मुग्धाला लहानपणापासून दमा आहे, श्वासाचा पंप जवळ ठेवावा लागतो. सगळी उत्तरे मिळेपर्यंत दांडी 'पी'वरून, म्हणजे पार्किंगवरून, हलत नसे.

"मॅडम, निघायचं का आता?" मी वैतागून म्हणे.

"तुम्ही काहीतरी विसरलायत. तोंडावर दिसतंय."

"मग काय ते सांग ना!"

"ते मला काय माहीत? वर जाऊन बघा."

आणि वर गेले की काहीतरी सापडायचेच.

ती गेल्यावर मी साठी उलटून गाडी शिकलो, त्याच गाडीवर. मुग्धाला ते पसंत नव्हते, पण मला त्या गाडीत बरे वाटायचे. घरात सुनंदाच्या वस्तू होत्या. पण चालती-फिरती अशी ती एकच.

मग तो बिघाड सुरू झाला. ज्यांना ऑटोमॅटिक गाडीची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. या गाडीत दांडी 'पी'वरून 'डी'वर, म्हणजे ड्राइव्हवर, आणली, की क्षणभरात आतून एक हलका हिसका जाणवतो. त्याचा अर्थ, गाडीने गिअर घेतला. पाय ब्रेकवरून उचलला की ती आपोआप पुढे सरकते. माझ्या गाडीत कधीकधी तो हिसका येतच नसे. ॲक्सिलरेटर दाबला तर इंजिन नुसते ओरडायचे, गाडी जागच्या जागी. काही वेळाने मात्र काहीच झाले नसल्यासारखी चालायची.

जुन्या गाडीत असे झाले तर आधी गिअरबॉक्सचे तेल पाहावे. गाडी सपाट जागी उभी करून इंजिन गरम होऊ द्यावे, ते चालू असतानाच दांडी सर्व स्थानांतून फिरवून 'पी'वर आणावी, मग तेलाची पट्टी पुसून पुन्हा बुडवावी. तेल तांबूस हवे. काळपट असून जळका वास येत असेल, तर आतल्या चकत्या झिजल्या असे समजावे. माझे तेल तांबूस होते, पातळी बरोबर होती, वास नव्हता. (हे सगळ्याच गाड्यांना लागू नाही, काहींत पट्टीच नसते.)

कल्याणला दळवींच्या गॅरेजमध्ये गाडी नेली. दळवी बोलका माणूस.

"सर, स्कॅनर लावला, एकपण एरर कोड नाही. दोन राउंड मारून आलो. मख्खन चालते."

"पण माझ्याकडे अडते हो."

"मग तुमच्यावर रुसलेली असेल," तो हसला. "काय बोललात का तिला?"

त्याने फिल्टर बदलला, वायरिंग तपासले. तेलाची वाट उघडणारा एखादा विजेचा व्हॉल्व्ह मधूनच अडकत असावा, असा त्याचा अंदाज होता. तो मला पटला. कधी येणारा, कधी जाणारा दोष पकडणे सर्वांत अवघड असते. तो नेमक्या कोणत्या स्थितीत येतो, हे पाहायला हवे. इंजिन थंड की गरम, चढ की सपाट, पाऊस की ऊन, हे सगळे मी पाहिले. कशाशीच मेळ बसेना.

मेळ बसला तो वेगळ्याच ठिकाणी, आणि मला तो अजिबात आवडला नाही.

पहिल्यांदा गाडी अडली तेव्हा मुग्धाला फोन करायला गेलो, तर मोबाइल खिशात नव्हता. वरून घेऊन आलो, गाडी चालली. पुढे एकदा बदलापूरला मुक्कामाला निघालो होतो, तेव्हा गोळ्यांचा डबा टेबलावर राहिला होता. एकदा घराची किल्ली बाहेरून दारालाच लटकत होती. आणि एकदा कंटाळून, दळवी येईपर्यंत चहा तरी घेऊ म्हणून वर गेलो, तर गॅसवर दूध आटून पातेले काळे पडले होते. स्वयंपाकघर धुराने भरले होते. गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. खाली आलो. 'डी' टाकला. हिसका आला.

इंजिन बंद करून पुन्हा सुरू केल्यामुळे गाडीचा संगणक ताळ्यावर येत असेल, अशी शंका वाचकांना येईल. मलाही आली. म्हणून पुढच्या वेळी वर न जाता नुसतेच बंद-चालू करून पाहिले, अनेकदा. गाडी हलली नाही. वर जाऊन चष्मा आणला, हलली.

मुग्धाला हे सांगितले.

"बाबा, तुम्ही गॅस चालू ठेवून निघाला होतात. मला गाडीची काळजी नाहीये, तुमची आहे."

तिचे बरोबर होते. तिच्या ओळखीचा एक माणूस ठाण्यात जुनी गाडी घ्यायला तयार होता. गाडी विकायची आणि मी तिच्याकडे राहायला जायचे, असे ठरले. मी 'हो' म्हटले, कारण त्या पातेल्याची मलाही भीती बसली होती.

गाडी द्यायची त्या रविवारी मुग्धा सकाळीच आली. मला एकट्याने चालवू द्यायचे नाही म्हणून बरोबर निघाली. माझ्या जुन्या जागेवर, डावीकडे बसली. मी इंजिन सुरू केले, 'डी' टाकला...

काही नाही.

"झालं! आजच?" मुग्धा म्हणाली. "काय विसरलात, सांगा."

"चष्मा डोळ्यांवर आहे. मोबाइल हा. गोळ्या, किल्ली, गाडीचे कागद. गॅस?"

"गॅस मी बंद केलाय, सिलिंडरचासुद्धा. मग? संपली ना थिअरी, सर?"

'सर' म्हणून ती मला चिडवण्यासाठीच हाक मारते. मी इंजिन बंद करून पुन्हा सुरू केले. पुन्हा तेच. खरे सांगतो, त्या क्षणी मला वाईट वाटले. म्हणजे ही साधी जुनी गाडीच होती, आणि मी एक विसरभोळा म्हातारा.

मग, का ते माहीत नाही, मी विचारले, "आणि तू?"

"मी काय?"

"तू काही विसरलीस का?"

"माझं काय असणार बाबा, पर्स तर..." तिने पर्स उघडली. आत हात घातला. तो हात तसाच थांबला.

"टीव्हीजवळ," ती हळूच म्हणाली. "आल्या आल्या घेतला आणि तिथेच ठेवला."

काय ते मी विचारले नाही. ती वर गेली. आली तेव्हा पंप मुठीत होता आणि डोळे लाल होते. बसली, पट्टा लावला. मी दांडी 'डी'वर आणली.

हिसका आला.

मुग्धाने डॅशबोर्डवर तळवा ठेवला. "घेतला गं आई," ती म्हणाली. "घेतलाय."

फाटकाबाहेर पडण्याआधी तिने ठाण्याला फोन लावला. "सॉरी, गाडी द्यायची नाहीये... नाही नाही, बिघाड नाही... म्हणजे आहे थोडा, पण राहू दे." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "राहायला मात्र तुम्ही माझ्याकडेच यायचं. गाडी घेऊन."

हल्ली मी घोडबंदर रोडलाच असतो. गाडी तिथल्या पार्किंगमध्ये असते.

आता दुसरी बाजूही लिहायला हवी. त्या दिवशी मुग्धाला वाटेत पंप लागला नाही, तेव्हा तो नसता तरी काही बिघडले नसते. दळवींचा व्हॉल्व्हचा अंदाज अजून खोटा ठरलेला नाही. दळवी व्हॉल्व्ह बदलून पाहू म्हणाला, तर मीच टाळतो आहे. योगायोग म्हणावे तर म्हणता येते. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही.

एक प्रयोग मात्र केला. एके सकाळी चष्मा मुद्दाम घरात ठेवून खाली गेलो आणि 'डी' टाकला. गाडीने तत्काळ गिअर घेतला. मुद्दाम ठेवलेले हे विसरलेले नव्हे, हे तिला... गाडीला कळत असावे. मी इंजिन बंद केले, वर जाऊन चष्मा आणला.

बहुतेक वेळा आता मी काहीच विसरत नाही. मुग्धा दारातच सगळे विचारते, आईच्याच क्रमाने. गाडी लगेच गिअर घेते. तरी मी ब्रेकवरून पाय उचलत नाही, थोडा थांबतो.